प्रसाविकेचे शिक्षण आणि घराने मोजलेली किंमत

खाडीपल्याड (धागाकर्ती)

५ मे हा जागतिक प्रसाविका दिन, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकांचा दिवस, जवळ आला की सत्काराच्या भाषणांतून सेवाभाव, त्याग आणि रात्रीचा दिवस करणे यांचा उल्लेख हमखास होतो. त्यात खोटे काही नाही. पण या शिक्षणाची किंमत केवळ शिकणारीनेच मोजली, असा जो समज त्या भाषणांतून पसरतो, तो मला पटत नाही. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात अधिपरिचारिका आहे आणि जीएनएम या परिचर्या आणि प्रसूतिसेवेच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनी आमच्याकडे अनुभवासाठी येतात. त्यांच्या घरांत डोकावले, किंवा माझे शिक्षण आठवले, की दर वेळी वाटते की प्रमाणपत्रावर एकीचे नाव असते आणि त्याची किंमत मात्र चार-पाच जणांनी मिळून चुकती केलेली असते.

आपल्या किनारपट्टीवर हे अधिक तीव्रतेने जाणवते आणि त्याला कारण आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांच्या तुलनेत शेकडा ४.८२ ने आणि सिंधुदुर्गाची २.२१ ने घटलेली आढळली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. कर्ते पुरुष मुंबईला आणि घर, गुरे, भाताचे तुकडे व म्हातारी माणसे बायकांच्या हाती, हेच या आकड्यांमागचे चित्र आहे. अशा घरातली एक तरुण मुलगी तीन वर्षांसाठी वसतिगृहात गेली, की तिच्या वाटचे काम घेणारे दुसरे कोणी मोकळे नसते. ते आधीच वाकलेल्या कुणाच्या तरी पाठीवर जाते.

आमच्या घरी ते माझ्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला आले. मी शिकत असताना आजीला अर्धांगवायूचा झटका आला. वडील मुंबईत आणि आई शेतात, म्हणून बहिणीने महाविद्यालयात जाण्याचे लांबणीवर टाकले. तिने त्याबद्दल आजवर एक शब्दही काढलेला नाही. माझ्या पहिल्या पगाराचे पेढे वाडीत वाटायला मात्र तीच गेली होती.

दुसरे कारण खुद्द अभ्यासक्रमातच आहे आणि बाहेरच्यांना ते सहसा ठाऊक नसते. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमाप्रमाणे जीएनएमच्या विद्यार्थिनीला देखरेखीखाली २० नैसर्गिक प्रसूती स्वतःच्या हाताने कराव्या लागतात आणि त्यांची तपशीलवार नोंद केसबुकात ठेवावी लागते. मोठ्या शहरात ही संख्या लवकर गाठता येते. जिथे माणसेच कमी होत चालली आहेत, तिथे बाळंतपणे तरी किती होणार? एका पहिलटकरणीच्या खाटेभोवती तीन विद्यार्थिनी ताटकळत असतात, आणि कळा सुरू असतानाच काही गुंतागुंत दिसून तिला कोल्हापूरला किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले, तर तिघींचीही रात्र नोंदीविना जाते. मग उरलेल्या अनुभवासाठी मुलींना मुंबईत किंवा घाटावर धाडले जाते, आणि घरापासूनचे अंतर आणखी वाढते.

या ताटकळण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण शिक्षणाचा गाभा तिथेच आहे. सक्रिय कळांचा टप्पा सुरू झाला की पार्टोग्राफ या प्रसूतीच्या प्रगतीच्या तक्त्यावर दर अर्ध्या तासाने बाळाच्या हृदयाचे ठोके आणि कळांची गती नोंदायची, दर चार तासांनी आतून तपासणी करायची, आणि मधल्या सगळ्या वेळात त्या बाईला धीर द्यायचा, पाठ चोळायची, पाणी पाजायचे, तिला कुशीवर वळायला मदत करायची. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन मांडीत द्यायचे, वार पूर्ण पडली आहे ना हे उलटसुलट करून पाहायचे, आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी रक्तस्राव, नाडी आणि गर्भाशयाचा घट्टपणा तपासायचा. यातले काहीही पुस्तकातून येत नाही. हात पोटावर ठेवून कळ चढते कशी आणि उतरते कशी हे ओळखण्यासाठी पुष्कळ रात्री जागाव्या लागतात, आणि त्या रात्री गणपती, शिमगा, सख्ख्या भावाचा साखरपुडा यांतल्या कशालाही जुमानत नाहीत. गणपतीत तर कायम कर्मचाऱ्यांच्या रजा मंजूर होतात आणि विद्यार्थिनींच्या रात्रपाळ्या लागतात, हे आमच्याकडे सर्वांनी गृहीतच धरलेले होते.

ज्यांनी हे शिक्षण घेतले आहे किंवा ज्यांच्या घरातल्या कुणी घेतले आहे, त्यांनी आपापला अनुभव लिहावा. विशेषतः घरी मागे राहिलेल्यांचा अनुभव वाचायला मला आवडेल.

---

वाटेवरची

ताई, मी राजापूर तालुक्यातील उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. आमच्या वेळी एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रमाला, दहावीनंतर प्रवेश मिळे. मी शिकायला गेले तेव्हा मुलगा रांगत होता आणि त्याला सासूबाईंनी वाढवले. मी सुट्टीवर घरी आले की तो माझ्याकडे पाहुण्याकडे पाहावे तसा पाही. पुढे तो मोठा झाला आणि आमचे छान जमले, त्यामुळे त्याचे मला आता दुःख नाही. पण तुम्ही मोजदादीला सुरुवात केलीच आहे, तर त्यात एक नाव राहून गेलेले मला दिसते. ते गावच्या सुईणीचे.

माझ्या उपकेंद्राच्या गावात एक वयस्कर सुईण होती. प्रशिक्षणात आम्हाला शिकवले होते, की सुईणींना निर्जंतुक पाते, दोरा आणि हात धुणे यांचे महत्त्व समजावून सांगा आणि अवघड केस वेळेवर पुढे पाठवायला लावा. मी तिला ते समजावले आणि तिने ऐकलेही. पण पोटावरून हात फिरवून मूल आडवे आहे की पायाळू, हे पटकन कसे ओळखावे, कुठल्या घरातली सून भिऊन गप्प बसते आणि कुठली उगाच ओरडते, कुणाच्या सासूला आधी बाहेर काढायचे, हे सारे मी तिच्याकडून शिकले. शाळेत मला फक्त त्याची शास्त्रीय बाजू समजली होती.

आणि त्या शिकवण्याची फेड तिला काय मिळाली, तर तिचेच काम गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये शेकडा ६४.६ प्रसूती दवाखान्यात होत, त्या २०१९-२१ पर्यंत ९४.७ झाल्या. माता आणि बाळे वाचली, त्यामुळे हा बदल हवाच होता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण पूर्वी बाळंतपण झाले की सुईणीला लुगडे, तांदूळ, नारळ आणि पाचवीच्या पूजेला मान मिळे. मी गावात आले आणि हळूहळू ते सगळे थांबले. पुढे दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैशांची मदत देणारी जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, परंतु तोवर तिचे वय उलटून गेले होते. माझ्या शिक्षणासाठी झळ सोसणाऱ्यांत मी तिला माझ्या सासूबाईंच्या शेजारीच बसवेन.

---

कलमांची बाग

मागे राहिलेल्यांचा अनुभव विचारला आहे म्हणून लिहितो. माझी पत्नी अधिपरिचारिका असून तिने नोकरीत असताना नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी हा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम केला. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसाविका सेवांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यात हा अभ्यासक्रम मांडलेला आहे. नोंदणीकृत आणि अनुभवी परिचारिकांना आंतरराष्ट्रीय मानकांनुसार तयार करावे आणि गुंतागुंत नसलेली बाळंतपणे त्यांच्याच नेतृत्वाखाली व्हावीत, असा त्यामागचा विचार आहे. ती गेली तेव्हा आमची मुलगी नुकतीच वर्षाची झाली होती.

आमची देवगड तालुक्यात हापूसची कलमे आहेत. मार्च ते मे या काळात काढणी, अढी (आंबे पिकत घालणे), प्रतवारी आणि पेट्या भरणे यांतून डोके वर काढायला वेळ नसतो. नेमक्या त्याच काळात मुलीला ताप आला, की तिला काखोटीला मारून बागेतून दवाखान्यात आणि दवाखान्यातून बागेत अशी माझी धावपळ होई. आईने पुष्कळ सांभाळले, परंतु तिचे गुडघे गेलेले आहेत. एका हंगामात मी मजूर वाढवून घेतले आणि नफा कमी झाला. तो हिशेब वहीत लिहिलेला आहे, म्हणून निदान दिसतो तरी.

पत्नीचे मात्र मला वेगळेच वाटे. दिवसभर ती इतर बायांना पहिले सहा महिने बाळाला केवळ अंगावर पाजण्याबद्दल आणि त्यानंतरही दोन वर्षांपर्यंत दूध चालू ठेवण्याबद्दल सांगे, आणि स्वतःची मुलगी दूर असल्याने तिचे स्वतःचे दूध मात्र हळूहळू आटत गेले. तिने हे मला एकदाच फोनवर सांगितले आणि लगेच विषय बदलला. लोक मला विचारत, ‘नोकरी पक्की आहे, मग बायकोला पुन्हा शिकायला कशाला पाठवलेस?’ पाठवले हा शब्दच मला खटके, कारण ती स्वतः गेली होती. मी थांबलो, एवढेच माझ्याकडे होते.

तरीही, धागाकर्तीताई, एका गोष्टीत माझे तुमच्यापेक्षा निराळे मत आहे. घरच्यांनी फक्त गमावले, असे म्हणता येणार नाही. त्या दीड वर्षात मी वेणी घालायला, लंगोट शिवायला आणि भातात पाणी किती घालायचे ते शिकलो. आणि पत्नीने परत आल्यावर तिच्या विभागात बाळंतिणीला तिच्या आवडीची एक सोबतीण आत ठेवू देण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्याचे समर्थन करताना मला आमचे ते दिवस आठवले. एकटे राहणे म्हणजे काय, याचा धडा घरबसल्या आम्हालाही मिळाला होता.

---

उन्हाळी वारा

मला या चर्चेत थोडा विरोधी सूर लावायचा आहे. घराने, सासूने, नवऱ्याने, सुईणीने किती सोसले याची यादी जितकी लांबते, तितका त्यातून एक देणेकरी अलगद निसटतो, तो म्हणजे व्यवस्था. मीदेखील जीएनएम केले आहे. कोणत्या संस्थेत ते लिहीत नाही. आमच्या वसतिगृहात रात्रपाळी करून आलेल्या मुलींना सकाळच्या तासाला हजेरी सक्तीची होती. वॉर्डातील रिकाम्या पदांची कामे आमच्याकडून करवून घेतली जात: केस पेपर लिहिणे, चादरी मोजणे, रुग्णाला ट्रॉलीवरून सोनोग्राफीला नेणे. शिक्षण म्हणून लावलेल्या त्या पाळ्यांतल्या कितीतरी पाळ्या निव्वळ बिनपगारी मनुष्यबळ होत्या. त्याला त्याग म्हणून आपण गौरवले, तर उद्याच्या तुकडीलाही तोच अनुभव येईल.

धागाकर्तीताईंनी लिहिलेले गणपतीतील रजांचे उदाहरण घ्या. कर्मचारी अपुरे असल्यामुळे विद्यार्थिनींना अडकवून ठेवणे हा प्रशासनाचा निर्णय आहे. त्यात आपली भक्ती मिसळण्याचे काहीच कारण नाही.

---

खाडीपल्याड (धागाकर्ती)

उन्हाळी वारा, तुमचे म्हणणे मला बहुतांश मान्य आहे. रात्रपाळीनंतरच्या सक्तीच्या तासाला शिक्षण म्हणणे हा विनोदच आहे. पण वाट पाहण्याचे तास आणि चादरी मोजण्याचे तास मी एकाच टोपलीत टाकणार नाही. पहिलटकरणीजवळ बारा तास बसणे हे बिनपगारी मनुष्यबळ दिसते खरे. पण ते टाळून प्रसाविका घडत नाही. कोणते तास शिकवणारे आणि कोणते राबवून घेणारे, हे वेगळे करून सांगण्याची जबाबदारी आम्हा शिकवणाऱ्या परिचारिकांची आहे, आणि आमच्यापैकी अनेकजणी ती पार पाडत नाहीत. ‘आम्हीही असेच शिकलो’ या वाक्याने पुष्कळ नुकसान केले आहे.

वाटेवरची ताई, सुईणीबद्दल तुम्ही लिहिलेले वाचून मी बराच वेळ थांबले होते. माझ्या विचारात तिचे नावच नव्हते.

---

जुन्या वहीतले

उन्हाळी वारा यांनी व्यवस्थेचा मुद्दा काढला आहे, म्हणून थोडा इतिहास. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले आणि तिथल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली. त्या शिकणाऱ्यांत विधवा स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. महर्षी कर्वे, जे दापोलीजवळच्या मुरूडचे म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचे, त्यांचे पुण्याजवळच्या हिंगण्यातले विधवांच्या शिक्षणाचे काम आणि सेवासदनचे काम एकाच काळातील आहे. ज्या बाईचा संसार समाजाने आधीच मोडीत काढला होता, तिला हे शिक्षण उपजीविका आणि मान मिळवून देणारे ठरले; वसतिगृहात राहण्याने तिचे काही बुडत नव्हते, उलट डोक्यावर छप्पर येत होते.

मला वाटते, आपल्या परिचर्या शाळांची घडी तिथून फारशी हललेली नाही. चोवीस तास उपलब्ध असलेली, घरी कुणी वाट न पाहणारी विद्यार्थिनी अजूनही गृहीत धरली जाते. मूल असलेल्या, म्हातारे आईवडील असलेल्या, भातलावणीच्या दिवसांत घरी हव्या असलेल्या मुलीसाठी त्या वेळापत्रकात जागाच नाही. शिक्षण खडतर असायला हरकत नाही, पण ते शंभर वर्षांपूर्वीच्या गरजेनुसार खडतर का असावे, हे कुणी तरी विचारायला हवे.

---

कलमांची बाग

जुन्या वहीतले, भातलावणीचा उल्लेख नेमका आहे. पत्नीच्या तुकडीतील एकीने लावणीसाठी चार दिवसांची रजा मागितली, तर तिला उत्तर मिळाले, की मजूर लावा. मजूर गावात असते तर तिने रजा मागितली असती का?

---

शिंपल्यांची माळ

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात राहते आणि यंदा कला शाखेतून बारावी झाले आहे. मला प्रसाविका व्हायचे आहे. आमच्या वाडीतून रुग्णालयापर्यंत पोहोचायला पावसात किती वेळ लागतो ते मी पाहिले आहे, आणि माझ्या मामीचे बाळ वाटेतच १०८ च्या गाडीत झाले. गाडीतल्या डॉक्टरांनी आणि बरोबर असलेल्या आशाताईंनी सगळे नीट केले. घरी आजी आणि मी दोघीच असतो. हा धागा वाचून माझा उत्साह कमी झालेला नाही, पण आजीचे काय, हा प्रश्न मात्र आता जास्त मोठा वाटू लागला आहे. कला शाखेतून जीएनएम करता येते का? एएनएम करावे की जीएनएम?

---

वाटेवरची

बाळा, कला शाखेतून दोन्ही करता येतात. एएनएम दोन वर्षांचे आणि जीएनएम तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंगला मात्र विज्ञान शाखा लागते. एएनएम झालीस तर पुढची वाट बहुधा उपकेंद्राची, म्हणजे घराजवळ काम मिळण्याची शक्यता अधिक. डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असा निकष आहे, त्यामुळे आपल्याकडे उपकेंद्रे गावोगाव आहेत. पण आता उपकेंद्रात बाळंतपणे फारच थोडी होतात. तिथले काम मुख्यतः गरोदर मातांची तपासणी, लसीकरण आणि नोंदी यांचे आहे. तुला प्रसूतिकक्षातच काम करायचे असेल, तर जीएनएम कर. ते पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका आणि प्रसाविका अशी दुहेरी नोंदणी होते, आणि कलमांची बाग यांनी लिहिलेला १८ महिन्यांचा अभ्यासक्रमही पुढे तुला खुला राहतो.

आजीबद्दल सांगते. तिला विचारल्याशिवाय तिच्या वतीने काहीही ठरवू नकोस. माझ्या सासूबाईंना मी कधी विचारलेच नव्हते; घरातल्या पुरुषांनी परस्पर ठरवले होते. त्यांनी नातवाला आनंदाने सांभाळले, तरी विचारले नाही ही खंत त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखवली.

---

खाडीपल्याड (धागाकर्ती)

शिंपल्यांची माळ, वाटेवरची ताईंनी सांगितल्यावर मी फक्त व्यवहाराचे लिहिते. प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेच्या सध्याच्या विद्यार्थिनींना गाठ. कार्यालयात विचारून उपयोग नाही. त्यांना विचार, की संलग्न रुग्णालयात महिन्याला साधारण किती प्रसूती होतात आणि एका वेळी किती विद्यार्थिनी प्रसूतिकक्षात असतात. यावरून केसबुक भरायला तुला किती फिरावे लागेल त्याचा अंदाज येईल. उरलेल्या अनुभवासाठी कुठे पाठवतात आणि तिथे राहण्याची सोय कोण करते, हेही विचार. रात्रपाळीनंतर दुसऱ्या दिवशी विश्रांती मिळते का, आणि घरी अचानक अडचण आली तर रजेसाठी कुणाकडे जावे लागते, याचे उत्तर मुली खरे देतात. खासगी संस्था असेल तर शुल्काबरोबर वसतिगृह, गणवेश आणि बाहेरगावच्या अनुभवाचा खर्च वेगळा धरतात की एकत्र, तेही लिहून घे. शासकीय रुग्णालयाशी जोडलेल्या शाळेत जागा मिळाली, तर तिला पहिले प्राधान्य दे.

आजीसाठी शेजारच्या घरातल्या कुणाशी तरी पैशांचे स्पष्ट बोलून ठेव: सकाळ-संध्याकाळ एकदा डोकावणे, औषधे आणणे, दवाखान्यात नेणे. शेजारधर्म म्हणून लोक करतीलच, तरी महिन्याची ठरावीक रक्कम दे, म्हणजे एखाद्या दिवशी कोणी गेले नाही तर विचारण्याचा हक्क राहतो. माझ्या बहिणीचे वर्ष वाचवायला आम्हाला हे सुचायला हवे होते, असे नाही. तेव्हा द्यायला पैसे नव्हते. तुझ्याकडेही नसतील, तर शिष्यवृत्तीसाठी जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले आताच तहसील कार्यालयातून काढायला टाक. निकालानंतर तिथे रांगा लागतात.